सीनाची शेवटची कुस्ती झाली आणि मला तीन दिवसांनी कळलं

चिमणबाग | १८ डिसेंबर २०२५, रात्री ११:४२

काल ऑफिसातून परतताना इंदूरच्या छप्पन दुकान खाऊगल्लीत थांबलो. शेजारी उभी असलेली दोन कॉलेजची पोरं बोलत होती, "भिया, सीना ने टॅप कर दिया यार." माझा खोपरा पॅटिस हातातच राहिला.

घरी येऊन फोनवर बघितलं. १३ डिसेंबरला, म्हणजे आपल्याकडे रविवारच्या सकाळी, वॉशिंग्टनला डब्ल्यूडब्ल्यूईच्या जॉन सीनाची शेवटची मॅच झाली. गुंथरने स्लीपरमध्ये गळा आवळला, सीनाने हात आपटला, म्हणजे हार मानली, संपलं. २००२ पासूनचा माणूस. रविवारी सकाळी मी काय करत होतो म्हणाल, तर पोहे आणले आणि गाडी धुतली. मोकळाच होतो हो.

पहिलवानांच्या ट्रम्प कार्डांच्या काळापासून मी हे बघतोय, आता ४१ वर्षांचा आहे. बी.कॉम.च्या पेपरच्या आदल्या रात्री, आवाज शून्यावर ठेवून, टीव्हीला नाक लावून त्यांचा दर आठवड्याचा कार्यक्रम, रॉ, बघितला आहे. आणि गेली दोन-तीन वर्षं लक्षात येतंय की मी कुस्ती बघतच नाही, कुस्तीच्या बातम्या वाचतो. कोणाचा करार कधी संपतोय, कोणाचा खांदा गेलाय, कोणाला पुढच्या रेसलमेनियापर्यंत, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमापर्यंत, हरवायचं नाही असं वर ठरलंय. मॅच लागते तेव्हा कोण जिंकणार आणि का, दोन्ही पाठ असतं. मग दहा मिनिटांचा तुकडा बघायचा, तोही दीडपट वेगाने, एकीकडे वरण ढवळत.

एप्रिलपासून तर सगळं नेटफ्लिक्सवर आलं. एक बटण दाबायचं. तेही दाबलं नाही.

तुमचं असं झालंय का? कधी सुटलं, कशामुळे सुटलं? सुटू द्यावं की परत धरावं?

एकच विनंती. "ते सगळं खोटं असतं" हे सांगायला कोणी येऊ नये.

पोहे_जिलेबी | रात्री ११:४९

ते सगळं खोटं असतं.

गराडू | रात्री ११:५०

सात मिनिटं. मला वाटलं होतं दोन लागतील.

सुदामानगरी | १९ डिसेंबर, सकाळी ८:१५

ट्रम्प कार्डं म्हणालात आणि मी सकाळी सकाळी माळ्यावर चढलो. मिळाली नाहीत, पण सापडली असती तर ओळखली असती. आमच्या गड्डीतल्या हल्क होगनचा खालचा कोपरा दुमडलेला होता, त्यामुळे तो उलटा असला तरी सगळ्यांना कळायचा आणि ज्याच्या हातात आला तो चेहरा पाडून बसायचा. रँक, उंची, वजन, छाती, बायसेप्स, किती लढला, किती जिंकला. योकोझुना आला की डोळे मिटून "वजन!" ५०५ पौंड. जायंट गोंझालेझ आला की "उंची!" आठ फूट. पौंडाचे किलो किती होतात हे मला शाळेने शिकवलं नाही, योकोझुनाने शिकवलं.

(तो जपानी नव्हता, सामोअन घराण्यातला होता, हे मला तिशीत कळलं. मिठाची मूठ फेकायचा हो रिंगमध्ये! मी तसं मीठ फेकलं म्हणून आजीने पाठ सुजवली होती.)

माझं सुटलं २००२ ला. पांडावाली ती वन्यजीवांची संस्था, तीही डब्ल्यूडब्ल्यूएफच, कोर्टात जिंकली आणि डब्ल्यूडब्ल्यूएफचं डब्ल्यूडब्ल्यूई झालं. एका अक्षराने काय होतं म्हणतात, पण माझ्यासाठी ते लग्नानंतर मैत्रिणीचं आडनाव बदलावं तसं झालं. तीच, पण हाक मारताना अडखळायला होतं. पांडाला मी अजून माफ केलेलं नाही.

लाल_माती | सकाळी ९:०२

विनंती वाचली. तरी लिहितो, कारण मी आखाड्यातला माणूस आहे.

आमच्याकडे ठरवून केलेल्या कुस्तीला नूरा कुश्ती म्हणतात आणि ती शिवी आहे. दंगलीत दोन पहिलवान नूरा खेळतायत असं पंचाला वाटलं तर दोघांना हौद्यातून बाहेर काढतात, बक्षीस रद्द. लोक चपला दाखवतात ते वेगळं. तुमच्याकडे त्याच गोष्टीला कोट्यवधी रुपये देतात. मी सोळा वर्षांचा असताना उस्तादांच्या घरी टीव्हीवर हे लागलं होतं. उस्तादांनी पाच मिनिटं बघितलं, काही बोलले नाहीत, चहा संपवला आणि म्हणाले, "ज्याला उचललं तो स्वतः उडी मारतोय." बस.

मी हे खूप वर्षं टिंगल म्हणून सांगत होतो. नंतर मीच पोरांना शिकवायला लागलो तेव्हा त्यातलं दुसरं टोक दिसलं. दीडशे किलोच्या माणसाला डोक्याच्या वर न्यायचं, तर खालच्याच्या ताकदीपेक्षा वरच्याने कधी उडी मारायची आणि अंग कुठे कडक ठेवायचं याला जास्त किंमत आहे. आणि पडताना हनुवटी छातीला, तळहात पसरून, पाठ सपाट. आमच्याकडे लाल मातीत हळद, तेल, ताक घालून ती लोण्यासारखी करतात आणि तरी नवा पोरगा धोबीपछाडवर पडला की दोन दिवस मान वळवत नाही. त्यांच्या रिंगमध्ये वर पातळ फोम, खाली लाकडी फळ्या आणि लोखंडी सांगाडा. आठवड्यातून चार रात्री त्यावर पाठ आपटायची.

म्हणजे लढत खोटी, पडणं खरं. एवढं मी मानतो. कुस्ती म्हणायला मात्र माझी हरकत कायम आहे.

पोहे_जिलेबी | सकाळी ९:१०

म्हणजे मी बरोबर होतो.

लाल_माती | सकाळी ९:११

अर्धा. उरलेल्या अर्ध्यासाठी सकाळी पाचला आखाड्यात ये.

पोहे_जिलेबी | सकाळी ९:१२

पाचला मी घोरत असतो, तेही खरं असतं.

मोगरा_आणि_मिरची | सकाळी १०:३०

इथे बाईमाणूस दिसत नाहीये म्हणून लिहिते. मीही बघायचे, भावाच्या बरोबरीने.

रामबागेत आमचं अकरा जणांचं घर, टीव्ही एक. २००१-०२ च्या सुमारास प्रॉब्लेम असा की कुस्ती चालू असताना मध्येच बायकांची मॅच लागायची, आणि ती मॅच कसली, कपडे ओढायचा कार्यक्रम. आजोबा नेमके तेव्हाच संध्या आटोपून बाहेर यायचे. दादाचा अंगठा रिमोटच्या त्या बटणावर कायम तयार असायचा, एका झटक्यात आस्था चॅनल. आजोबा खूश. "मुलांना गोडी लागली" असं ते पाहुण्यांना सांगायचे.

मला तेव्हा राग दादाचा यायचा, मॅच बदलली म्हणून. मोठी झाल्यावर राग कशाचा यायला हवा होता ते कळलं आणि मी बघणं सोडलं. पुरुषांना वीस मिनिटं, बायकांना तीन. फेब्रुवारी २०१५ मध्ये तर एक आख्खी टॅग मॅच तीस सेकंदांत उरकली. तेव्हा लोकांनीच ट्विटरवर आरडाओरडा केला आणि हळूहळू बदललं. एप्रिल २०१९ च्या रेसलमेनियाची शेवटची, मुख्य मॅच तीन बायकांची होती, बेकी लिंच, शार्लट आणि राउझी. पहिल्यांदाच. आपल्याकडे सकाळचे साडेनऊ झाले होते, मी ऑफिसात "तब्येत बरी नाही" असा मेसेज टाकून बसले होते. मॅच काही खास नव्हती बरं का, शेवटचा पिन तर चुकलाच. पण मी बघितली शेवटपर्यंत.

म्हणून चिमणबाग, तुमचं "सुटलं" हे मला थोडं आयतं वाटतं. तुमच्यासाठी तो कार्यक्रम पहिल्या दिवसापासून ताटात वाढलेला होता. ज्याला उशिरा वाढलं त्याची भूक अजून आहे.

चिमणबाग | सकाळी ११:०५

मोगरा, लागलं. पण बरोबर आहे. आमच्याकडेही आस्था होतं, फक्त आमच्या आजोबांना शंका यायची की प्रवचनाला पोरांना एवढा घाम का फुटतो.

मल्हारगंज_जुना | दुपारी २:२०

मी सत्तरीचा आहे, तुमच्या या सीनाला ओळखत नाही. पण फ्री स्टाइल आमच्याही काळी होती.

१९६८ च्या मे महिन्यात दारासिंगने मुंबईत अमेरिकेच्या लू थेझला हरवलं, तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. मी तेरा वर्षांचा. त्याच्या पुढच्या की त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गिरगावातल्या काकांकडे गेलो असताना हट्ट करून वरळीच्या स्टेडियमवर फ्री स्टाइल बघायला गेलो. कोण लढले ते आता आठवत नाही. एक दाढीवाला परदेशी होता, त्याने आपल्या पंजाबी पहिलवानाचे केस धरून त्याला दोरांवर आपटलं, चावलासुद्धा. मी रडकुंडीला आलो. शेवटी आपला जिंकला.

सुटल्यावर काका ओळखीच्या कोणाला भेटायला मागच्या दाराशी घेऊन गेले. तिथे एका बाकड्यावर तो दाढीवाला आणि आपला पंजाबी शेजारी शेजारी बसून एकाच फणीतली केळी खात होते. दाढीवाला सोलून देत होता. मी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "अरे, उद्या पुण्याला यांना परत भांडायचंय. उपाशी कसं चालेल?"

हे मी दादांना, म्हणजे वडिलांना, इंदूरला आल्यावर सांगितलं. दादा हुकुमचंद मिलमध्ये होते. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. म्हणाले, अनंत चतुर्दशीला मिलच्या झांकीपुढे, म्हणजे चित्ररथापुढे, आपले आखाडेवाले लाठी-पट्टा खेळतात, ते काय खरोखर डोकी फोडतात का, पण त्यासाठी पोरं दोन-दोन महिने घाम गाळतातच ना.

१९९१ च्या डिसेंबरात मिल बंद पडली. कामगारांचे पैसे अडकले, कोर्टकचेऱ्या झाल्या, पण वर्गणी काढून हुकुमचंदची झांकी निघत राहिली. दादा शेवटपर्यंत रात्रभर जेल रोडच्या कडेला खुर्ची टाकून बसायचे. दुसऱ्या मिलची झांकी आली की चहा प्यायला उठायचे.

गराडू | दुपारी २:४१

केळी! काका, हा प्रतिसाद फ्रेम करून लावावा असा आहे.

चिमणबाग | दुपारी ३:१५

"दुसऱ्या मिलची आली की चहा" वाचून आज कामात लक्ष लागत नाहीये.

अकोटा_गार्डन | दुपारी ४:००

बडोद्याहून हजेरी. खऱ्या-खोट्याचा विषय निघालाच आहे तर आमच्या कमाटीबागेतल्या संग्रहालयात एक दगड ठेवलेला आहे. गामा पहिलवानाने १९०२ मध्ये तो उचलून काही पावलं नेला म्हणतात. वजन सुमारे १२०० किलो. लाल_माती साहेब, तुमचं काय मत?

लाल_माती | दुपारी ४:०९

गामाबद्दल चेष्टा नको. १९१० ला लंडनमध्ये पोलंडचा पहिलवान झिबिस्को त्याच्या खाली अडीच तासांच्या वर पोटावर पडून राहिला, पाठ लावू दिली नाही. पुढच्या आठवड्यात परत लढायचं होतं तर आलाच नाही. १९२८ ला पटियाळ्यात समोर आला तेव्हा मिनिटभरसुद्धा टिकला नाही. या कुस्त्या झालेल्या आहेत.

अकोटा_गार्डन | दुपारी ४:१२

कुस्त्यांबद्दल नाही विचारलं, दगडाबद्दल विचारलं.

लाल_माती | दुपारी ४:३०

दगडाबद्दल मी बोलणार नाही.

पोहे_जिलेबी | दुपारी ४:३१

नूरा दगड.

पळसिया_फिजिओ | रात्री ९:२०

थोडं गंभीर लिहितो, चालेल ना.

मी २००७ च्या जूनपर्यंत कडक फॅन होतो. ख्रिस बेन्वा माझा सगळ्यात आवडता. दिसायला साधा, बुटका, भाषणबाजी नाही, काम मात्र एकदम चोख. मग त्याने बायकोला आणि सात वर्षांच्या मुलाला मारून स्वतःला संपवल्याची बातमी आली. पुढे त्याच्या मेंदूची तपासणी झाली, तर चाळिशीतल्या माणसाचा मेंदू पंच्याऐंशी वर्षांच्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णासारखा निघाला. त्याने जे केलं त्याला ही सबब होत नाही. पण त्याची एक आवडती उडी होती, वरच्या दोरावरून डोकं पुढे करून. ती मी किमान दोनशे वेळा टाळ्या वाजवत बघितली असेन. माझा धंदाच सांध्यांचा आणि मणक्यांचा आहे, मला आता ती उडी बघवत नाही. डोक्यावर खुर्ची मारणं त्यांनी २०१० मध्ये बंद केलं, चांगलं केलं, पण माझ्यापुरता उशीर झाला होता.

आणि "खोटं" म्हणणाऱ्यांसाठी एक. १९८९ मध्ये मालक मंडळींनी न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे स्वतः सांगितलं की ही स्पर्धा नाही, करमणूक आहे. कशासाठी? खेळ म्हटला की कर आणि रिंगजवळ सरकारी देखरेख आली. करमणूक म्हटली की सुटका. म्हणजे खरं बोलले तेसुद्धा पैसे वाचवायला. तेव्हापासून "खोटं आहे हो" हे ज्ञान राहिलेलंच नाही, ते अधिकृत आहे.

मोगरा_आणि_मिरची | रात्री ९:३८

पळसिया, बेन्वाचं मी इतकी वर्षं कोणाशी बोलले नव्हते. त्याचं पोस्टर मी दादाच्या नकळत काढून टाकलं होतं. त्याने कधी विचारलं नाही.

नवलखा_नाका | रात्री १०:०५

मूळ प्रश्नाला उत्तर. माझ्याकडे नक्की तारीख आहे, ७ एप्रिल २०१४, सोमवार सकाळ.

अंडरटेकर. रेसलमेनियात २१ पैकी २१ जिंकलेला. आम्ही तिघे मित्र एकाच्या गच्चीवरच्या खोलीत, समोर पोहे, वर शेव, जिरावन. ब्रॉक लेस्नरने तिसऱ्यांदा एफ-फाइव्ह हा त्याचा ठेवणीतला डाव मारला, पंचाने हात आपटला, एक, दोन, आणि आम्ही कोणी बघतच नव्हतो कारण दोनवर तो उठणार हे ठरलेलं. तीन झाले. घंटा नाही, संगीत नाही. कॅमेरा लोकांवर गेला, तिथे एक माणूस डोळे फाडून, तोंड उघडं टाकून बघतोय. आमच्या खोलीत तेच. एक जण म्हणाला, "पंचाची गलती झाली." पडद्यावर २१-१ आलं. पोहे गार झाले, पोह्याचा घास कोणी उचलला नाही.

चिमणबाग, तुम्ही म्हणताय की आधीच सगळं माहीत असतं. मला त्या सकाळी शेवटचं काहीतरी माहीत नव्हतं. त्यानंतर मीही बातम्यांच्या नादी लागलो, परत तसा धक्का बसू नये म्हणून असेल. आणि मग तसा धक्का परत बसलाच नाही.

सुदामानगरी | रात्री १०:२०

अंडरटेकरवरून आठवलं. आमच्या गल्लीत ठाम मत होतं की तो सात वेळा मेलाय आणि दोन अंडरटेकर आहेत. दुसरं खरं निघालं! १९९४ च्या समरस्लॅममध्ये खरोखर दोन होते, नकली अंडरटेकर म्हणून ब्रायन ली नावाच्या माणसाला उभं केलं होतं. आणि १९९६ च्या त्या हिंदी पिक्चरमध्ये अक्षय कुमारने ज्याला उचलला तो हाच नकली. म्हणजे खोट्या कुस्तीतला खोटा अंडरटेकर पिक्चरमध्ये खोटा खोटा हरला.

पोहे_जिलेबी | रात्री १०:२२

एवढं खोटं तर मीसुद्धा सहन करू शकत नाही.

गराडू | रात्री १०:४०

अवांतर: या थंडीत सराफ्यात गराडू कोणाकडे चांगला? घरी तळला की बाहेरून कडक होत नाही.

मल्हारगंज_जुना | रात्री १०:५२

दोनदा तळायचा. एकदा मंद आचेवर, मग गार करून, मग कडकडीत तेलात. वरून लिंबू. तुमचं नाव गराडू आणि हे आम्ही सांगायचं?

डबल_वन_नाइन | २० डिसेंबर, दुपारी १:१०

नमस्कार काका-काकू मंडळी. मी १९ वर्षांचा, हॉस्टेलला राहतो, इथे पहिल्यांदाच लिहितोय. मराठी लिहिताना चुका होतील.

तुमचा सगळ्यांचा सूर असा आहे की कुस्ती म्हातारी झाली. भिया, तुम्ही झालात. सॉरी. आम्ही सहा जण मंगळवारी सकाळी साडेसहाला एका लॅपटॉपवर रॉ बघतो. चादरी गुंडाळून. कोडी ऱ्होड्सचं एंट्रीचं गाणं लागलं की त्या "व्हो" ला आख्खा मजला ओरडतो, खालचे शिव्या देतात. कोणाचा करार कधी संपतो ते आम्हालाही माहीत असतं, पण मॅच चालू असताना कोणी बोललं तर त्याला चहा पाजावा लागतो, असा नियम आहे.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये मोठ्या दादाबरोबर हैदराबादला गेलो होतो, सीना आला होता तेव्हा. जागा अगदी वर, सीना अंगठ्याएवढा दिसत होता. पण कोणी पडलं की त्या फळ्यांचा आवाज वरपर्यंत यायचा. टीव्हीवर तो तसा येतच नाही. लाल_माती काकांनी फळ्यांचं लिहिलं तेव्हा तो आवाज आठवला.

चिमणबाग काका, एक करून बघा. दोन आठवडे बातम्या बंद. फोन दुसऱ्या खोलीत. एक एपिसोड, एकपट वेगाने. वरण आधी करून ठेवा.

लाल_माती | दुपारी १:३०

पोरगा मुद्द्याचं बोलला. पण साडेसहाला चादरीत? त्या वयात आम्ही दोनशे बैठका मारून मोकळे झालेले असायचो.

आता खरं सांगतो. २०१६ ला तो पहिलवान मुलींचा पिक्चर आला, आमिर खानला आपल्या इंदूरच्या कृपाशंकर बिश्नोईंनी शिकवलं होतं, तेव्हा आमच्या आखाड्यात एकदम चाळीस पोरं यायला लागली. होळीपर्यंत अकरा उरली. आता सात आहेत. गेल्या दंगलीला माझं स्वतःचं लक्ष फोनमध्ये होतं, पुतण्याच्या लग्नाच्या मांडवाचे फोटो येत होते. एका पोराने सुंदर कलाजंग डाव टाकला म्हणे. लोक ओरडले तेव्हा मी मान वर केली, तोवर चितपट झालं होतं. पोराने हौद्यातून सरळ माझ्याकडे बघितलं. मी टाळ्या वाजवल्या.

तेव्हा चिमणबाग, मातीवाल्यांचंही तेच चाललंय. ते काही तुमच्या नूरा कुश्तीमुळे नाही.

पळसिया_फिजिओ | दुपारी २:०५

पोराला सांगितलंत का?

लाल_माती | दुपारी २:४०

नाही अजून.

मोगरा_आणि_मिरची | दुपारी ३:००

सांगा.

नवलखा_नाका | २१ डिसेंबर, सकाळी १०:१५

डबल वन नाइनच्या नियमाला अनुमोदन. आमच्या तिघांच्या खोलीतही तोच नियम होता, दंड फक्त कचोरीचा. त्यातला एक आता बंगळुरूला, एक पुण्याला. काल दोघांना या धाग्याची लिंक पाठवली. एकाने अंगठा दाखवला. दुसऱ्याने लिहिलं, "पंचाची गलती होती." अकरा वर्षं झाली!

चिमणबाग | २३ डिसेंबर, सकाळी ९:२५

धागाकर्त्याचा अहवाल.

दोन आठवडे काही जमले नाहीत, पण गुरुवारपासून बातम्या वाचल्या नाहीत. आज मंगळवार, नर्मदेच्या नळाचा दिवस. एक दिवसाआड पाणी, तेही पहाटे, हे इंदूरकरांना सांगायला नको. सहाला उठलो, खालच्या हौदातून वर चढवायला मोटर लावली. टाकी भरायला चाळीस मिनिटं लागतात. बायको झोपलेली. फोन आत चार्जिंगला ठेवला आणि टीव्हीवर ते बटण दाबलं.

साडेसहाला सुरू झालं. आधी बरीच बडबड, नेहमीप्रमाणे. मग एक मॅच लागली. त्यातल्या एकाचं नावही मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. अंगाने बारीक, डाव्या गुडघ्याला पट्टी. सवयीने फोनसाठी हात गेला, कुठून आला, कितीचा, कोणाचा मुलगा ते बघायला. फोन आत होता. म्हटलं जाऊ दे.

मोठा त्याच्या त्याच गुडघ्यावर मारत होता. पोरगा दोरांना धरून उठायचा, उजव्या पायावर उड्या मारत दोन ठोसे द्यायचा, परत पडायचा. मला ती आधी नक्कल वाटली, मग वाटेना. एकदा तो कोपऱ्यावर चढला आणि वर पोचल्यावर डावा पाय थरथरला. ते थरथरणं ठरवून होतं की खरं, ते मला आत्ताही सांगता येणार नाही. मी खुर्चीच्या कडेला आलो होतो. "उतर खाली, उतर" असं मोठ्याने बोललो, हे मला बायकोने नंतर सांगितलं.

ती उठली ती माझ्या आवाजाने नाही. टाकी भरून वाहत होती, जिन्यावरून पाणी खालच्या जोशीकाकूंच्या दारापर्यंत गेलं होतं आणि काकू ओरडत होत्या.

गराडू | सकाळी ९:३१

कोण जिंकलं?

चिमणबाग | सकाळी ९:३३

माहीत नाही. मोटर बंद करायला धावलो होतो. परत येईपर्यंत जाहिरात.

डबल_वन_नाइन | सकाळी ९:३४

काका सांगू? आम्ही पूर्ण बघितली.

चिमणबाग | सकाळी ९:३४

सांगितलंस तर चहा पाजावा लागेल. संध्याकाळी मागे नेऊन बघतो.

पोहे_जिलेबी | सकाळी ९:४०

आणि पाणी? ते तरी खरं होतं ना?